रिकाम्या रविवारचा सूड

हेरंब दामले यानं मराठी मंडळाच्या विद्याधरकाका पटवर्धनांवर सूड उगवला. असा उगवला, की काका भर दुपारी आकाशपाळण्याच्या टोकावरून, समुद्रातल्या माशांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अंदाज माझा नव्हता! हेरंबचा होता!"

आता हे विसरा. असं काही घडलेलंच नाही. मंडळाची अधिकृत भूमिका तीच आहे, काकांची तर आहेच. आणि हेरंबला लोक अलीकडे इतक्या मायेनं "ऊन लागलं होतं रे तुला" असं समजावतात, की तोही अधूनमधून स्वतःच्या कपाळाला हात लावून बघतो. तेव्हा आपणही काही घडलं नाही असं धरून चालू आणि सुरुवातीपासून सांगू.

हेरंब मूळचा साताऱ्याचा. एका सॉफ्टवेअर कंपनीनं त्याला उचलून चेन्नईला आणून टाकलं आणि नुंगंबाक्कमच्या एका खोलीत, वर पंखा आणि खाली चटई अशा ऐश्वर्यात तो राहू लागला. अमेरिकेतल्या एका दुकानात पुढच्या महिन्यात मोजे किती खपतील ते आधीच सांगणं, हे त्याचं काम. परक्या देशाच्या पायांत दिवसभर डोकं घालून बसल्यावर संध्याकाळी माणसाला काहीतरी स्वतःचं करावंसं वाटतं. हेरंबनं चेन्नईतल्या गर्दीचं भाकीत करायला घेतलं.

त्याचा सिद्धांत साधा होता. शहरातली माणसं एका ठिकाणी गेली की दुसऱ्या ठिकाणी नसतात.

"वा," शर्मिष्ठा म्हणाली होती. ती त्याच्याच कंपनीत होती, मूळची नागपूरची, आणि कौतुक करतानाही तिचा चेहरा बँकेच्या रांगेत उभा असल्यासारखा असायचा. "हे शोधायला इंजिनियर लागतो?"

पण सिद्धांत चालायचा. मुहूर्ताचा दिवस असला की अर्धं शहर लग्नाच्या हॉलात केळीच्या पानासमोर बसलेलं. तमिळांचा आडी महिना लागला की साड्यांच्या दुकानांत सूट, म्हणजे बायका टी नगरात आणि नवरे दुकानाबाहेर पिशव्या धरून. मोठ्या नटाचा सिनेमा लागला, की त्याच्या पोस्टरला दुधाची आंघोळ घालण्यात तरुण वर्ग गुंतलेला. राहुकाळात तर कुणी नवीन कामाला हातच लावत नाही. त्या वेळात तिकिटाच्या खिडकीशी जाऊन उभं राहिलं, तर आतला माणूस आधी घड्याळाकडे बघतो आणि मग तुमच्याकडे, कीव आल्यासारखा. हे सगळं हेरंबनं कॉम्प्युटरवर एका तक्त्यात भरलं. दिवस टाकला की तक्ता सांगायचा, कुठं चेंगराल आणि कुठं हात पसरून चालाल.

त्या तक्त्याच्या जोरावर मागच्या वर्षी मंडळाची सहल ईस्ट कोस्ट रोडवरच्या 'गंधर्वलोकम'ला गेली. पाळणे, घसरगुंड्या, पाण्यात आदळणाऱ्या होड्या असं ते ठिकाण. दिवस आडीतल्या रविवारचा. तमाम चेन्नई साड्यांत, आणि मंडळी इकडे पाच-पाच मिनिटांच्या रांगा संपवून एकामागून एक पाळण्यात. कधी नव्हे ते सगळे हसत परतले.

मग गणपतीत मैलापूरच्या हॉलमध्ये सत्कार झाला. विद्याधरकाकांचा.

काका बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मद्रासला तीस वर्षं काढलेले आणि मंडळाचे तहहयात सहलप्रमुख. ही निवडणूक कधी झाली हे कुणाला आठवत नव्हतं. एकदा बस त्यांनी ठरवली होती, तेवढंच. माईक हातात घेऊन काका म्हणाले, "लोक मला विचारतात, विद्याधरराव, हा दिवस तुम्हाला सुचला कसा? मी म्हणतो, मद्रासची नाडी कळावी लागते. तिला तीस वर्षं लागतात!"

टाळ्या पडल्या. शाल आणि नारळ ज्या तबकात होते ते तबक हेरंबच्या हातात होतं. "सरळ धर रे," काका माईकमधूनच म्हणाले, "नारळ घरंगळेल." लोक हसले.

तेव्हापासून हेरंबला झोप गोड लागेना. त्याला शाल नको होती. चेन्नईत शालीचं करायचं काय, फ्रीजला पांघरायची? त्याला फक्त एक वाक्य हवं होतं. "हा अंदाज हेरंबचा." चारचौघांत, काकांच्या तोंडून. वर्षभर तो या वाक्याची वाट बघत राहिला, आणि संक्रांतीच्या तिळगुळापासून पाडव्याच्या श्रीखंडापर्यंत प्रत्येक कार्यक्रमात काका मद्रासची नाडी धरून बसलेले. एकदा तर नव्या सभासदांशी ओळख करून देताना म्हणाले, "हा हेरंब. खुर्च्या फार छान लावतो."

त्या रात्री हेरंबनं ठरवलं, की या माणसाला गर्दीत गाडायचा.

दोन हजार आठचा जुलै उजाडला आणि काकांचा फोन आला.

"काय हेरंबशेठ! यंदाचं काय म्हणतंय तुझं ते खेळणं?"

"कुठलं खेळणं, काका?"

"अरे ते, चौकटी-चौकटींचं. म्हणजे मला तसा अंदाज आहेच. पण तुम्हा तरुणांना वाव द्यायचा म्हणून विचारतो."

हेरंबनं तक्ता उघडला. त्या वर्षी पंधरा ऑगस्ट शुक्रवारी येत होता. त्याला लागून शनिवार, रविवार. शाळा बंद, कचेऱ्या बंद. रविवार सतरा तारखेच्या चौकटीला तक्त्यानं असा लाल रंग दिला होता, की पडद्याकडे बघून डोळे आल्यासारखे वाटत होते.

"सतरा ऑगस्ट, काका," हेरंब मधाळ आवाजात म्हणाला. "चिटपाखरू नसेल."

"जोडून सुट्टी आहे की रे!"

"तेच तर! जोडून सुट्टी आली की चेन्नई रिकामी होते. सगळे आपापल्या गावी. कोइम्बतूर, तिरुनेलवेली... गणपतीत मुंबईचे कोकणी जातात तसे."

फोनमध्ये कॅलेंडरचं पान फडफडलं. मग काका म्हणाले, "मी हेच म्हणणार होतो."

खरा सूडकरी एवढ्यावर थांबला असता. पण हेरंब मोज्यांच्या धंद्यातला. नुसत्या अंदाजावर त्याचं समाधान होत नसे, त्याला खात्री लागायची. गर्दी होणार हे नक्की, पण ती अशी व्हायला हवी की काकांचा चेहरा आयुष्यभर रांगेतल्या चेहऱ्यासारखा राहिला पाहिजे. म्हणून त्यानं एक ईमेल तयार केला. 'सतरा ऑगस्टला गंधर्वलोकम पूर्ण रिकामं असणार! तज्ज्ञांचा अंदाज! दहा मित्रांना पाठवा, शुभवार्ता मिळेल.' आणि सोडून दिला.

मेल पसरला. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या एकूण एक सॉफ्टवेअर कंपन्यांतून फिरला. मोटारींच्या कारखान्यांत पोचला. एफएमवरच्या एका निवेदिकेनं तो खिदळत वाचून दाखवला. हेरंबनं स्वतः रिक्षात बसून तो ऐकला आणि रिक्षावाल्याला आनंदाच्या भरात, न भांडता, मागितले तेवढे पैसे दिले. रिक्षावाला घाबरला.

सतरा तारखेला मैलापूरहून बस निघाली. पुढच्या सीटवर काका, डोक्याला पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. शेजारी विमलाकाकू, मांडीवर थालीपिठांचा डबा. हेरंब मागे शर्मिष्ठेशेजारी बसला होता आणि मनानं केव्हाच फाटकाशी पोचला होता. लांबलचक रांग, तीत चिरडलेले काका, "कुणी काढला हा दिवस?" असा मंडळींचा ओरडा, आणि मग आपण पुढं होऊन शांतपणे म्हणायचं: काकांनी. मद्रासची नाडी.

बस गंधर्वलोकमच्या फाटकाशी थांबली.

फाटकापाशी एक कुत्रं झोपलं होतं. एवढीच गर्दी.

वाहनतळ रिकामा होता. तिकिटाच्या खिडकीतला माणूस मंडळी बघून उभाच राहिला आणि त्यानं आत कुणालातरी हाक मारून सांगितलं, की आले, खरंच आले. आत हत्तीच्या वेषातला एक माणूस सोंड काखेत धरून वर्तमानपत्र वाचत बसला होता.

हेरंबनं मोबाईलवर तारीख तपासली. "हे... हे कसं?"

"मेलमुळे," शर्मिष्ठा म्हणाली. "माझ्याकडे तो सातदा आला. सात जणांना ठाऊक असलेली रिकामी जागा कुठं असते? सगळ्यांनी हाच विचार केला असणार. अख्खं शहर गर्दीला भिऊन घरी बसलंय." मग तिनं जरा वेळ त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तू पाठवलास ना?"

हेरंब बसचं चाक निरखू लागला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. त्याच्या तर पौर्णिमा पसरली होती.

आणि तिकडे काकांनी शिट्टी फुंकली. "मंडळी! काय सांगितलं होतं मी? चिटपाखरू नाही! याला म्हणतात नाडी!"

मंडळी टाळ्या पिटू लागली. "काका, यंदा पण शाल!" कुणीतरी ओरडलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. आणि मारुतीच्या गळ्यात पुन्हा शाल. हेरंबनं त्या झोपलेल्या कुत्र्याकडे असूयेनं पाहिलं.

पण देव म्हणा, राहू म्हणा, कुणीतरी हेरंबच्या बाजूचा होता.

पहिलाच पाळणा गोल गिरक्या घेणाऱ्या कपबश्यांचा. मंडळी चढू लागली तसे काका सवयीनं बाजूला झाले. "जा तुम्ही, जा. मी पुढच्या पाळण्याला नंबर धरतो."

हे ते दर वर्षी म्हणायचे. दर सहलीला काका सगळ्यांच्या आधी पुढच्या रांगेत जाऊन उभे राहात, पुढच्या-मागच्यांशी हुज्जत घालत, पाण्याची बाटली ठेवून जागा अडवत आणि मंडळी आली की रांग त्यांच्या स्वाधीन करून त्यापुढच्या रांगेकडे कूच करत. केवढा त्याग, असं सगळे म्हणायचे.

"काका," शर्मिष्ठा म्हणाली, "रांगच नाहीये."

"हं?"

"नंबर कुणापुढं धरणार? चला, बसा."

काकांनी पुढच्या पाळण्याकडे पाहिलं. तिथं खरोखरच कुणी नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकन उतरलं, आणि हेरंबला ते दिसलं.

हा माणूस तीस वर्षांत एकाही पाळण्यात बसलेला नव्हता. भित्रा होता! गर्दी ही त्याची ढाल होती, आणि ती ढाल हेरंबनं आपल्या हातानं, एका ईमेलनं, फोडली होती.

हेरंबच्या अंगात एकदम बळ आलं. "काका नाहीत तर मजा नाही!" तो गरजला. "तीस वर्षं यांनी आपल्यासाठी उन्हात रांगा लावल्या! आज पहिला मान काकांचा!"

"काका! काका!" मंडळींनी धोशा लावला.

त्यातून पाळणा चालवणारेही म्हणू लागले, की इतक्या कमी माणसांत यंत्र चालवत नाही, सगळे बसा. मग काका बसले. कपबशीत बसले, होडीत बसले, उलटं टांगणाऱ्या जहाजात बसले. प्रत्येक पाळणा थांबला की हेरंब ओरडायचा, "वन्स मोअर!" आणि रांग नसल्यानं पाळणा तिथल्या तिथं पुन्हा सुरू व्हायचा. काकांची टोपी होडीत गेली. शिट्टी त्यांनी जहाजात, बहुधा नकळत, सतत वाजवली.

दुपारी मंडळी झाडाखाली जेवायला निघाली तेव्हा काकांचा रंग दह्यासारखा झाला होता. उरला होता फक्त आकाशपाळणा, पार दुसऱ्या टोकाला.

"तो राहू दे," काका म्हणाले. "पित्त झालंय."

"असं कसं राहू दे?" विमलाकाकू कडाडल्या. "तीस वर्षं ऐकतेय, वरून समुद्र दिसतो, वरून समुद्र दिसतो. बघून या एकदाचा आणि मला सांगा. हेरंब, तू जा रे यांच्याबरोबर. माझे गुडघे चढत नाहीत. आम्ही पानं मांडतो."

आणि काकू थालीपिठांसकट निघून गेल्या.

पाळण्याशी एक वयस्कर, मिशाळ माणूस स्टुलावर बसला होता. सकाळपासून गिऱ्हाईकच नसल्यानं त्याला दोघंही चालले. त्यानं तमिळमध्ये काहीतरी पुटपुटत दोघांना एका पाळण्यात बसवलं, समोरची दांडी लावली आणि कळ दाबली. पाळणा वर निघाला. ताडाची झाडं खाली गेली, मग समुद्र दिसला. काकांनी डोळे मिटले होते.

अगदी टोकाला पोचले आणि वीज गेली.

त्या वर्षी तमिळनाडूत ती रोजच जायची. पण इथं जनरेटर होता, आणि जनरेटरवालाही होता. फक्त त्यालाही तो मेल मिळाला होता आणि रिकाम्या दिवशी येऊन करायचं काय, म्हणून तो रजेवर होता.

पाळणा वाऱ्यात हलकेच कुरकुरला.

"हेरंब," काका डोळे न उघडता म्हणाले. "थांबलं का रे?"

"थांबलं."

"खाली?"

"नाही, काका. वर."

काकांनी हेरंबचा हात धरला. गार होता. क्षणभर हेरंबला दया आली. मग त्याला ते तबक आठवलं, तो नारळ आठवला, आणि त्यानं आपले पाय जरासे पुढंमागं हलवले. पाळणा झुलू लागला.

"अरे! काय करतोस!"

"काही नाही. पाय आखडलेत. काका, मागच्या वर्षीचा अंदाज कुणाचा होता हो?"

"ही वेळ आहे का?"

"मला तर वेळच वेळ दिसतोय."

झोका थोडा वाढला.

"तुझा! तुझा होता, बाबा! आता थांब!"

"ऐकू आलं नाही. वारा फार आहे."

"तुझा होता!"

"कुणाचा? नाव घेऊन. उखाण्यात घेतलंत तरी चालेल."

"नालायका, तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे मी!"

"माझे वडील अंदाज बांधणाऱ्याला खुर्च्या लावणारा म्हणत नाहीत." हेरंबनं पाय आणखी उंच नेले. पाळण्यानं एक मोठा हेलकावा घेतला, आणि काकांच्या तोंडून ते वाक्य निघालं. नुसतं निघालं नाही, फुटलं.

"अंदाज माझा नव्हता! हेरंबचा होता! दोन्ही वर्षी हेरंबचा! मला मद्रासचं काहीही कळत नाही! मी बँकेत आणि घरात, दोनच ठिकाणी गेलोय!"

आवाज रिकाम्या बागेवरून गेला, पाण्याच्या घसरगुंड्यांवर आपटला, आणि परत आला. हेरंबनं पाय थांबवले. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते वाक्य झालं होतं, नावासकट, खणखणीत. आणि ऐकायला कोण होतं? झाडाखाली, लांब, थालीपिठं वाढणारी मुंगीएवढी मंडळी. त्यांच्यातल्या एकीनं हात हलवला.

गर्दी. आयुष्यात पहिल्यांदाच हेरंबला गर्दी हवी होती.

तेवढ्यात खालून आवाज आला. "ऐकलों, सार! अस्के ऐकलों! भिऊं नोका, करंट येतंय!"

'अस्के' म्हणजे सगळं, हे कळायला हेरंबला तक्ता लागला नाही. तो दांडीवरून वाकला. मिशाळ माणूस स्टुलावर उभा राहून दोन्ही हात हलवत होता.

"तुम्ही मराठी?" हेरंब ओरडला.

"मी संताजी राव! तंजावरचा!"

हेरंबच्या डोळ्यांत पाणी आलं. साक्षीदार! मराठी साक्षीदार, आकाशपाळण्याच्या खाली, आयता!

वीज आली, पाळणा उतरला. काकांनी जमिनीवर पाय ठेवला, शर्ट नीट केला, केसांवरून हात फिरवला. झाडाखाली पोचेपर्यंत त्यांच्या चालीत सहलप्रमुख परत आलेला होता.

"काय ओरडत होता हो वर?" विमलाकाकूंनी विचारलं.

"मी? मजा आली म्हणून. वारा काय सुटलाय!"

"खोटं!" हेरंब म्हणाला. "काकांनी कबूल केलं. अंदाज माझा होता. दोन्ही वर्षी. यांना विचारा." आणि त्यानं हाताला धरून आणलेल्या संताजींना पुढं केलं.

मंडळी घास हातात धरून थांबली. संताजींनी घसा साफ केला. "होय. वरून सार सांगटले, अंदाज माझा नव्हं, हेरंबाचा. दोन्ही वर्षं. मी अस्के ऐकलों."

मग एक काकू कौतुकानं म्हणाल्या, "अय्या, किती गोड! मराठी कुठं शिकलात हो तुम्ही?"

"घरीं," संताजी म्हणाले. "तंजावरांत येऊन तीनशे वर्षं होलीं."

"प्रयत्न करता हे महत्त्वाचं," दुसरे गृहस्थ म्हणाले. "थोडे उच्चार सुधारले की छान येईल. बसा, थालीपीठ घ्या."

"पण ते काय म्हणाले ते ऐकलंत ना?" हेरंब किंचाळला.

"ऐकलं की. पण बघ, त्यांना नीट कळलं असेलच असं नाही," काका प्रेमळपणे म्हणाले. "एवढ्या उंचावरून, त्यात आपली प्रमाण मराठी. त्यांचा दोष नाही. आणि तुला ऊन लागलंय रे."

संताजींनी थालीपीठ घेतलं, एक घास खाल्ला आणि हेरंबच्या कानात म्हणाले, "सार, ह्यांना परत वर पाठवू का?"

शर्मिष्ठेनं हेरंबला ताक दिलं. विमलाकाकू पान वाढता वाढता, कुणालाही न सांगितल्यासारखं, म्हणाल्या, "वारा म्हणे. आमच्या घरी तीस वर्षं हाच वारा सुटतोय." पण साक्ष द्या म्हटल्यावर त्यांनी चटणीचा विषय काढला. त्यांना त्या माणसाबरोबर घरी जायचं होतं.

जेवणं उरकायच्या आत ठराव झाला: यंदाही सत्कार काकांचा. शिवाय या वयात सगळ्या पाळण्यांत बसल्याबद्दल 'साहसवीर' असं मानपत्र. काका लाजले. "अहो, मला पाळण्यांची आवडच आहे," ते म्हणून गेले.

हेरंबनं ताकाचा पेला खाली ठेवला. त्याच दिवशी संध्याकाळी त्यानं मंडळाच्या कार्यकारिणीला अर्ज दिला. तो आजतागायत विचाराधीन आहे.

'महोदय, साहसवीर श्री. विद्याधर पटवर्धन यांना पाळण्यांची आवड असल्याचे त्यांनी स्वमुखे जाहीर केले आहे. सबब, त्यांचा नियोजित सत्कार मैलापूरच्या हॉलऐवजी गंधर्वलोकम येथील आकाशपाळण्यात घ्यावा; सत्कारमूर्तींना सर्वांत वरच्या पाळण्यात व सर्व सभासदांना लगतच्या पाळण्यांत बसवावे; मनोगत व्यक्त होईपर्यंत वीजपुरवठा खंडित ठेवावा; आणि प्रमुख पाहुणे म्हणून श्री. संताजी राव यांना कळीपाशी खुर्ची द्यावी, ही नम्र विनंती.'